माझ्या फोटोच्या जागी कोंबडी

फोनवर आजीच्या फोटोऐवजी लाल कोंबडी का दिसते, असं तुम्ही दोघं नातवंडं विचारता. क्रमाने सांगते.

इथे पाथर्डीत आमच्या घरामागे राहणारं जोडपं दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलं. तान्हा मुलगा बरोबर नेला, दुसरीतली मुलगी तिच्या आजीजवळ ठेवली. पण वडिलांनी बजावलं होतं, "काकू, अभ्यास केला तर ऱ्हाईल. न्हाईतर फडावर नेतो, धाकट्याला तरी सांभाळंल."

आईला वाचता येत नाही. म्हणून निघण्याआधी मी तिला आवाजाचे मेसेज शिकवले. मुलीने संध्याकाळी माझ्या फोनवरून धडा वाचून पाठवायचा, आईने ऐकून उत्तर द्यायचं. सराव करताना ती फोन कानाला लावून ओरडली, "हॅलो! बोला की, काकू!" मी तिच्या समोरच बसले होते.

"सगळ्यात वर मी आहे, तिथेच दाबायचं," मी सांगितलं. तेव्हा मी वर होतेही.

मुलीने धडे पाठवले. उत्तर येईना. भाजी चिरताना मी हात पुसून पुसून फोन बघायची. "आईनं ऐकलं?" मुलगी विचारायची. मग तिने विचारणंही सोडलं.

शेवटी वडिलांचा फोन आला. "पोरगी काय वाचत न्हाई. रविवारी न्यायला येतो."

"रोज वाचते! तिच्या आईला द्या फोन."

"काकू, वरचंच दाबती की मी," ती रडवेली झाली होती. "मी म्हनती, वाच गं बाय. तर टोळीचा मुकादम बोलतो, वहिनी, मी तिसरीतच शाळा सोडली, काय वाचू? तुमच्यात मुकादम कसा आला?"

तेव्हा उमगलं. ज्याचा मेसेज शेवटी येतो, तो वर सरकतो. तिच्या फोनवर दिवसभर ऊसतोडीच्या टोळीच्या ग्रुपचे मेसेज येत होते, त्यात मुकादमही होता. मी कुठेतरी खाली गेले होते आणि माझं नाव तिला वाचता येत नव्हतं, इवल्याशा फोटोत चेहराही ओळखू येत नव्हता.

तिची लाल कोंबडी मुलीच्या आजीकडेच होती. तिचा फोटो काढून मी माझ्या जागी लावला. तिला फोन करून सांगितलं, "कोंबडी दिसेल तिथे दाब."

शनिवारी उत्तर आलं. मागे ट्रॅक्टरची घरघर. "परत वाच, बाय. तुझ्या बापाला बी ऐकू दे."

मुलीने तो धडा दोनदा वाचला.

रविवारी रस्त्यावर जीप थांबली की मी दाराशी जात होते. वडील आले नाहीत. पुढच्या रविवारचं मला माहीत नाही. टोळी परतेपर्यंत तुम्हाला आजीऐवजी कोंबडीच बघावी लागेल.