रणगाड्याची देखभाल

वय अठ्ठावन्न. व्यवसाय : लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर काम. वैवाहिक स्थिती : विधवा. बांधा मजबूत, दोन्ही हातांवर भाजल्याच्या जुन्या खुणा. स्वभाव शांत. हिंसक वर्तनाचा पूर्वेतिहास नाही. सदर महिलेच्या परसदारी मांस धुरावर शिजवण्याचे एक लोखंडी उपकरण असून त्याची देखभाल असमाधानकारक आहे.

अहवालातला हा मजकूर अग्निशमन खात्याच्या साहेबाने लिहिला. साहेब सज्जन होता; पण ‘स्वभाव शांत’ हे काही त्याने लॉन्ड्रीतल्या फोरमनला विचारून लिहिलं नव्हतं. फोरमनने एकदा जाता जाता या बाईच्या, म्हणजे थोरलीच्या, कमरेला हात लावला, तेव्हा तिने इस्त्रीचा जबडा त्याच्या बाहीवर मिटला होता. हात वेळेत सुटला. बाही सुटली नाही. “सॉरी हं, मला वाटलं नुसतं कापडच आहे,” एवढं बोलून तिने पुढची चादर ओढली.

नवरा गेल्यावर बायका देवाला लागतात, थोरली स्मोकरला, म्हणजे मांस धुरावर शिजवायच्या भट्टीला लागली. दुकानात विक्रेता चकचकीत रंग, चाकं, बाटली अडकवायचा हूक दाखवत होता. थोरली कलिंगड पारखावं तशी प्रत्येकाच्या पोटावर बोटाने टकटक करत होती.

“हा डबा आहे. हाही डबाच. याला दोन वेळा पेटवला की पोक येईल.”

शेवटी कोपऱ्यातल्या एका काळ्या, जाड पत्र्याच्या धुडापाशी ती थांबली. आत पेटती बॅटरी ठेवून झाकण लावलं आणि दुकानातले दिवे घालवायला लावले. कुठूनही उजेडाची रेघ येईना.

“हा द्या.”

“झाकण फार घट्ट आहे, ताई,” विक्रेता म्हणाला. “खालची हवेची झडप बंद केलीत, की आग आत गुदमरते. तेव्हा झाकण एकदम उघडायचं नाही, तोंडावर येईल. आधी बोटभर फट करायची, तिला दम टाकू द्यायचा, मग उघडायचं.”

“एवढंच ना? माणसांपेक्षा सोपं आहे.”

गल्लीने त्या धुडाचं नाव रणगाडा ठेवलं आणि थोरलीने त्याची सेवा मांडली. राख निवली की लगेच उपसायची, कारण ओली राख लोखंड खाते. जाळी गरम असतानाच खरवडायची, वर तेलाचा बोळा फिरवायचा. आतला काळा थर मात्र घासायचा नाही, ते त्याचं चिलखत. आणि दर रविवारी सकाळी झडपेला तेल.

धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिचा नवरा टोइंगची क्रेन चालवायचा. दिवसभर गाड्या ओढून न्यायचा आणि घरी आल्यावरही ओढायची सवय सुटत नसे. पहिल्यांदा धाकटी आली ती हात गळ्यात बांधून.

“जिन्यावरून पडले.”

त्यांच्या घराला जिना नव्हता. पुढच्या खेपेला दात गेला. दर वेळी क्रेनवाला दारात येऊन ढसाढसा रडायचा, धाकटी विरघळायची आणि पिशवी उचलायची.

“ताई, तो मनाने वाईट नाही गं.”

“मन कोण बघतंय? मी तुझा जबडा बघतेय.”

क्रेनवाल्याच्या डोळ्यांत रणगाडा सलायचा. आला की तो आधी त्याचं झाकण उघडायचा. “उघडू नका, धूर जातो,” म्हटलं की तर हमखास. बायकांनी नको म्हटलेली गोष्ट करण्यात त्याला पुरुषार्थ वाटे. घरी धाकटी “मारू नका” म्हणायची, तेव्हाही हेच व्हायचं.

या खेपेला धाकटी आली तेव्हा तिचा एक डोळा मिटलेला होता आणि उजव्या कानाखाली रक्त सुकलं होतं. त्या कानाने आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं. थोरलीने ओळखलं, पुढच्या खेपेला ही चालत यायची नाही. उचलून आणतील.

रविवारी दुपारी रणगाड्यात चरबीदार मांस होतं, खाली निखारे लालबुंद. चरबी टपटपत होती. तेवढ्यात फाटकावर लाथ बसली आणि कडी निखळून पडली. थोरली वाकली. तिने झडप सरकवून बंद केली, वरच्या धुराड्याचं टोपणही फिरवलं. मग हात पुसत उभी राहिली.

“कुठंय ती?”

“या, जावईबापू. बसा ना.”

“बसायला नाही आलो!”

आवाज ऐकून धाकटी दारात आली होती. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि पायरीवरून खाली ओढलं. तिचे गुडघे फरशीवर आपटले. थोरलीने निखाऱ्यांचा चिमटा उचलून त्याच्या मनगटावर हाणला. हाड वाजलं, केस सुटले. त्याने उलट्या हाताने थोरलीला भिंतीवर फेकलं. एव्हाना कुंपणावर शेजारच्या शिंप्याचं डोकं उगवलं होतं.

“मुकाट्याने पाठव तिला! नाहीतर तुझं हे भंगार उलथून टाकतो!”

थोरलीने ओठावरचं रक्त पुसलं. “काय वाटेल ते करा, पण झाकण उघडू नका.”

“उघडलं तर काय करशील?”

“मी काय करणार? भाजेल तुम्हाला. सांगून ठेवते, उघडू नका.”

“ही मला सांगणार!”

“उघडू नका हो!” तिसऱ्यांदा ती ओरडलीच, शिंप्याला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

त्याने दोन्ही हातांनी झाकण उपसलं. क्षणभर नुसता पिवळट धूर आला. मग धप्प असा आवाज झाला आणि आग उभी राहून त्याच्या चेहऱ्यावर कोसळली. भुवया, मिशी, सदऱ्याच्या बाह्या एका दमात गेल्या. तो किंचाळत लोळू लागला. थोरलीने बादली आणून त्याच्यावर रिकामी केली. रणगाड्यावर एक थेंब पडू दिला नाही. ओली राख लोखंड खाते.

क्रेनवाला वाचला. त्याच्या हातांची मूठ मात्र आता वळत नाही. त्याला न्यायला या, म्हणून इस्पितळातून फोन आला, तेव्हा धाकटीने तो उजव्या कानाला लावला, थोडा वेळ धरला आणि ठेवून दिला. पिशवी खुंटीवरच राहिली.

साहेब चौकशीला आला तेव्हा शिंपी न बोलावता हजर होता.

“तीनदा बजावलं हो तिने, साहेब. या कानांनी ऐकलं. पण तो ऐकेल तर शपथ!”

साहेब रणगाड्यापाशी वाकला. हात काळे नकोत म्हणून त्याने झडपेकडे पेन रोखलं. “ही गंजून अडकली असणार. हवा बंद, म्हणून भडका. अहो बाई, कधी देखभाल करता की नाही याची?”

 इतका घाण आरोप थोरलीवर आजवर फोरमननेही केला नव्हता. तिने तोंड उघडलं. मग दाराकडे पाहिलं. धाकटी तिथे उभी राहून डावा कान पुढे करून ऐकत होती.

“नाही होत हो आता,” थोरली म्हणाली. “वय झालं.”

आणि तिने सही केली.

झडपेला त्या दिवशी सकाळीच तेल दिलेलं होतं. ती एका बोटाने सरकते.