गार खाद्यावर चोळायची पूड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाय. मालकांना नाय, लेकीला नाय, देवासमोर बसले तरी हे सोडून बाकीचंच बोलले. आज सांगायला बसलेय — पण बघा, मन आधी तळ्याकडंच वळतंय. लई गोड दिवस होते हो ते.

चितेगावच्या पुढं आमचं रान. मोसंबीसाठी शेततळं खांदलं, आत प्लास्टिकचा कागद अंथरला. मालक म्हणाले, पाणी नुसतं कशाला ठेवायचं? रोहू-कटल्याची बोटुकली, बोटाएवढाले मासे, आणून सोडली अन् सगळं माझ्या गळ्यात घातलं. मी चौथी शिकलेली. पण शहरात मासेपालनाचं शिबिर झालं, तिथं गेले अन् सगळं कानात भरून आणलं. कागदाच्या तळ्यात चिखल नसतो, त्यामुळं माशाला खायला आपसूक फार काही पिकत नाय. जे द्यायचं ते आपणच द्यायचं.

मग माझी चुलत जाऊ सुमन रोज सकाळी यायला लागली. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, नवरा लवकर गेलेला, पदरात एक पोरगा, रान शेजारीच. आम्ही दोघी मोठ्या पातेल्यात तांदळाचा कोंडा, पेंड अन् मक्याचं पीठ शिजवायचो. त्यात ठेचलेला लसूण, हळद, शेवग्याच्या वाळल्या पाल्याची पूड. मग शेवयाच्या साच्यातून पाडायचो अन् जुन्या लुगड्यावर सावलीत वाळवायचो. अंगाला लसणाचा असा वास बसायचा की मालक बाजूला सरकून बसायचे. सुमन म्हणायची, "आक्का, पुढच्या जन्मी मासाच व्हायचं. माणसाला कोण एवढा लसूण सोलून देतंय?"

किती हसायचो. बाजेवर शेवया वाळतायत, पाण्यात मासे वर येऊन तोंडं उघडतायत अन् आम्ही दोघी बांधावर चहा पितोय — अजून डोळे मिटले की तेच दिसतं.

माझे मासे झाले बी तसेच. तुकतुकीत, पाठीनं रुंद. शेंद्र्याकडची माणसं बघायला यायची. बांधावर बसून मला विचारायची — मला! चौथीवालीला! तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होतं? होतं हो. लई होतं. जन्मभर कुणी काही विचारलेलं नसलं की होतं.

दुसऱ्या साली सुमननंबी आपल्या रानात तसंच कागदाचं तळं करून बोटुकली सोडली. ती दहावी शिकलेली, हिशोबी, हाताला झपाटा. बघायला येणारी माणसं आता तिच्याबी बांधावर टेकायला लागली. तिनं मला विचारलं, खाद्याचं सगळं सांगा. मी सांगितलं. खरंच सगळं सांगितलं. लसूण किती, हळद किती, पाला कधी तोडायचा. वरून घालायची जीवनसत्त्वाची पूड मी शहरातल्या जनावरांच्या औषधाच्या दुकानातून आणायचे, तीबी दिली.

फक्त पाकिटातून काढून स्टीलच्या डब्यात दिली.

पाकिटावर सगळं छापलेलं होतं. ती पूड आधणात टाकायची नाय, उष्णतेनं तिचा गुण मरतो. खाद्य शिजून गार झालं, वाळलं, की थोड्या तेलात कालवून वरून चोळायची. शिबिरातल्या साहेबांनी हे दोनदा सांगितलेलं, नायतर कागदाच्या तळ्यातल्या माशाची पाठ वाकते म्हणून. मी ते काम घरी एकटीनं करायचे, त्यामुळं सुमननं कधी बघितलेलं नव्हतं.

आमच्यात लोणच्याची कृती कुणी मागितली की बाया सगळं सांगतात अन् एक गोष्ट गिळतात. मी मनाला म्हणाले, हे तसंच. पण लोणचं बिघडलं तर बरणी ओततात. इथं जीव होते.

अन् नुसतं गिळलं असतं तरी एक वेळ. तिनं पहिल्यांदा पातेलं चढवलं तेव्हा मी तिच्या चुलीपाशीच बसलेले, लसूण सोलत. उकळी आली. तिनं हळदीबरोबर ती पूडबी आत टाकली अन् उलथन्यानं ढवळली. मी बघितलं. तोंड उघडायला किती वेळ लागतो? — "थांब गं" म्हणायला? मी खाली बघून पुढची पाकळी सोलली.

पाच-सहा महिन्यांनी तिनं जाळं ओढलं. निम्मे मासे पाठीत वाकलेले. व्यापारी एक मासा हातात धरून म्हणाला, "बाई, हे नमस्कार करायला निघालेत का?" सगळे हसले. सुमनबी हसली, सगळ्यांच्या बरोबर. मग संध्याकाळी माझ्या ओट्यावर आली. माझ्या पायापाशी बसली.

"आक्का, माझं काय चुकलं?"

अजून वेळ होती हो. एक वाक्य होतं फक्त. अन् त्या वाक्याच्या जागी मी काय बोलले — हेच सांगायला एवढं फिरून आले.

मी म्हणाले, "कृती तीच, पूड तीच. हातालाच गुण नसंल तर काय करणार, सुमन?"

विधवा बाईला. माझ्या तोंडानं. तिनं आपल्या तळहाताकडं बघितलं. "व्हय," म्हणाली, अन् उठून गेली.

तो शब्द गावात मी नाय पसरवला. तिनंच पसरवला. कुणी विचारलं की स्वतःच सांगायची. पुढं तळ्यात तिनं मासे सोडले नाय. कुणाच्या लोणच्याच्या बरणीला हात लावायची नाय, नव्या माठात पहिलं पाणी ओतायची नाय. मी बघत राहिले. माझ्या बांधावर माणसं येत राहिली.

तिचं माझ्याकडं येणं मात्र थांबलं नाय. आता लई वर्षं झाली, मासे दोघींकडंबी नायत, तरी चहाला येते. जुनं काढून हसते. तेच दिवस तिलाबी गोड वाटतात, हे मला बघवत नाय.

परवा सरकी टोबायची होती तिच्या रानात. तिची सून नवी, हौशी. म्हणाली, पहिलं बी सासूबाईंनी टोबावं. सुमन दोन पावलं मागं सरकली. रागानं नाय, भाजीत मीठ जास्त झालंय असं सांगावं तसं म्हणाली, "माझ्या हाताला गुण नाय गं. आक्कांना दे."

पोरीनं बी माझ्याकडं केलं. सुमन माझ्याकडं बघून हसत होती.

मी ते घेतलं. वाकले, टोबलं, अन् वरून माती ओढली.