नातीची पेटी आणि फुगलेलं झाकण

मुलाची बदली झाली की सामान कमी करायचं, आणि पहिली गदा यायची ती नातीच्या खेळण्यांवर. कलकत्त्याला आलो तेव्हा ती सहा वर्षांची होती. म्हणाली, "आजी, दर वेळी माझंच का टाकता?" मग ठरवलं, हिला एक लाकडी पेटी करून द्यायची आणि तिच्यातलं कुणी काही टाकायचं नाही.

बदलीचे लाकडी खोके आम्ही कधी मोडत नसू, पुढच्या बदलीला लागतात ना! त्यातलेच दोन मी मोडले. मुलगा म्हणाला, "आई, बाजारात पत्र्याची ट्रंक मिळते." म्हटलं, "मिळू दे." गल्लीतल्या सुताराकडून रंधा मागून आणला आणि उन्हाळाभर गॅलरीत बसून पेटी केली. झाकण चौकटीत असं घट्ट बसवलं की माझी मीच खूश!

पावसाळ्यात इथल्या दमट हवेनं लाकूड फुगलं आणि झाकण उघडेना. आत नातीची बाहुली! ती रडायला लागली, मुलगा गालात हसला. सुतार म्हणाला, "मासीमा, इथे फट ठेवावी लागते." मी पटाशीनं झाकण उचकटलं, कडा तासल्या आणि पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवली.

पुढच्या बदलीला मुलानं पेटीकडे बोट दाखवलं, "आई, हिचं काय करायचं?" मी तोंड उघडायच्या आत नात पेटीवर जाऊन बसली आणि हमालांना बंगालीत दटावून म्हणाली, आधी ही चढवा.