फिल्मचा डबा आणि नवा लॅपटॉप

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला तुमच्या बाबांवर ओरडताना ऐकलंत. धाकटीने मागून विचारलं, "आजी एवढी का रागावलीय?" आणि बाबांनी उत्तर दिलं, "तिचा लॅपटॉप बिघडलाय." ते उत्तर चूक आहे. लॅपटॉप बिघडला नव्हता, आणि बिघडलेल्या लॅपटॉपसाठी मी ओरडतही नाही. राग ताजा आहे तोवरच हे लिहून ठेवते. तो निवला की मी सगळ्यांना माफ करून टाकेन, आणि मग खरं काय झालं ते तुम्हाला कधी कळणार नाही.

तुमचे आजोबा निलंग्याच्या पुढच्या एका खेड्यात शिक्षक होते. आमचं घर लातुरात, मी इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, आणि ते रोज एसटीने जाऊन-येऊन करायचे. त्यांना फोटोंचा नाद होता. शाळेतलं झेंडावंदन, पालकसभा, मुलींची फुगडी, पाटी हरवली म्हणून रडणारं पोर, सगळ्यांचे फोटो काढायचे. न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून फिल्म स्वतः धुवायचे आणि मला दोन-दोन तास अंघोळीला जाऊ द्यायचे नाहीत. छापलेले फोटो गावात वाटून टाकायचे. भूकंपात ते गाव पडलं. दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांत माणसं झोपलेली होती. त्याबद्दल तुम्ही मोठे झाल्यावर वाचाल, मी लिहिणार नाही. वाटलेले फोटो घरांबरोबर गेले. फिल्म मात्र लातुरात आमच्याकडे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या, म्हणून राहिल्या.

निवृत्त झाल्यावर आजोबांनी एक स्कॅनर घेतला, झाकणात फिल्मसाठी वेगळा दिवा असलेला. एकेक पट्टी त्यात घालून ते फोटो कॉम्प्युटरवर काढायचे आणि नव्या जागी वसलेल्या गावात नेऊन द्यायचे. मग ते आजारी पडले, काम थांबलं, आणि ते गेले. त्यांचा जुना लॅपटॉपही त्यांच्यामागे फार टिकला नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्या गावातली त्यांची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. आता ती चाकूरला अंगणवाडीत काम करते. भूकंप झाला तेव्हा दुसरीत होती. आजोळी गेली होती म्हणून वाचली, घरातलं दुसरं कोणी वाचलं नाही. चहा घेतला, इकडचं-तिकडचं बोलली, आणि निघायच्या वेळी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "बाई, गुरुजींच्या डब्यात आमची माय हाय का बघा की."

"फोटो एकही नाही तुझ्याकडे?"

"एक बी न्हाई. पालकसभेला गुरुजींनी समद्या बायांला शाळेच्या पायरीवर बसवून फोटो काढलता. माय त्यात होती, एवढं पक्कं हाय." मग खाली बघून म्हणाली, "मायचा चेहरा आठवतो, असं मी लोकांला सांगते. खरं सांगू का? आता न्हाई आठवत. आवाज तेवढा आठवतो."

मी त्याच आठवड्यात भिंग घेऊन खिडकीपाशी बसले आणि ती पट्टी शोधून काढली. शाळेची पायरी, तिच्यावर दाटीने बसलेल्या बायका. फिल्मवर सगळं उलटं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, आणि चेहरा ज्वारीच्या दाण्याहून लहान. तुम्ही म्हणाल, मोबाइलने फोटो काढायचा. काढला. दाण्याचं पीठ झालं. लातुरातले स्टुडिओ पालथे घातले. सगळीकडे परीक्षेच्या अर्जाला लागणारे फोटो काढायला पोरांच्या रांगा. फिल्म पुढे केली की काउंटरवरचा माणूस ती अशी धरायचा, जणू मी त्याच्या हातात पाल दिली. पुण्याच्या एका दुकानाने कुरिअर करा म्हटलं, पण तेवढ्यात मला पट्ट्यांना आंबूस वास येतोय हे लक्षात आलं होतं. ओलसर, एकमेकींना चिकटू लागलेल्या फिल्म गुंडाळून मी कुरिअरवाल्याच्या पोत्यात टाकणार नव्हते.

हा ओलावा कुठून आला, तेही ऐका. शेजारचं बैठं घर पाडून तिथे मुलांचं हॉस्टेल झालं. आमच्या गल्लीत आता घरं उरलीच नाहीत, हॉस्टेल आणि मेस आहेत. आपल्या शहराचं नाव परीक्षांच्या निकालांनी झालं, याचा मला एके काळी अभिमान होता. त्यातले काही निकाल माझ्याही हातचे होते. पण त्या हॉस्टेलच्या मालकाने सगळी न्हाणीघरं आमच्या भिंतीला लावून बांधली. भिंत ओली झाली, आणि त्याच भिंतीला आमचं लोखंडी कपाट आहे. मी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, कपाट जरा इकडं सरकवा की, काय होतंय?" कपाट सरकत नाही. भूकंपानंतर आजोबांनी ते भिंतीत बोल्ट मारून आवळलंय. आमच्या घरात काहीच सरकत नाही. पुस्तकांच्या मांडणीला तार बांधलेली, फळ्यांना समोरून पट्टी ठोकलेली, भिंतीवर एकही जड तसबीर नाही. इथल्या पुष्कळ घरांत तुम्हाला असं दिसेल. पाहुणे हसतात. आम्ही हसत नाही.

डबा मी कपाटातून काढून कोरड्या खोलीत आणला आणि बाबांना लॅपटॉप मागितला. बाबांनी लगेच पाठवला, याबद्दल त्यांना पूर्ण गुण. स्कॅनर कोरड्या मांडणीवर, तारेच्या आत, खोक्यात होता. तो काढला, जोडला. स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर सीडीवर होतं आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही, म्हणून बाबांनी तिकडून माझ्या लॅपटॉपचा ताबा घेतला. माझ्या टेबलावर माझ्या डोळ्यांसमोर तो बाण आपोआप फिरत होता. त्यांनी सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, बसवलं, उघडलं. गोल चक्र फिरलं, एक चौकट आली, तिच्यात नुसते आकडे, आणि सगळं मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

मग उपाय सुरू झाले. काढून पुन्हा बसवलं. जुन्या विंडोजसारखं वाग असं लॅपटॉपला सांगून पाहिलं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं. अँटिव्हायरस बंद केला. केबल बदलली, भोक बदललं. बाबांनी ते आकडे इंटरनेटवर शोधले. तिथे दहा जणांनी दहा कारणं दिलेली, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, यंत्र जुनं आहे, नवं घ्या.

"आई, चिडू नकोस. एकेक करून बघू."

"मी चिडलेली नाही."

"तुझा आवाज फोन न लावताही इथे आला असता."

असे कित्येक रविवार. मधल्या वारी बाबांना काम, त्यांची सकाळ म्हणजे माझी संध्याकाळ, आणि रविवारी तुमचं पोहणं. मी तक्रार करत नाही, क्रम सांगतेय. कारण दर रविवारी मी डबा उघडून बघत होते, आणि बाहेर पावसाळा चालू होता.

शेवटी लॅपटॉप घेऊन क्लासेसच्या चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. मालक माझा जुना विद्यार्थी. त्याच्या वडिलांचं त्याच जागी शिलाईचं दुकान होतं, माझ्या साड्यांना फॉल तेच लावायचे. आता तिथे सकाळपासून टेस्ट पेपरचे गठ्ठे छापले जातात.

"या मॅडम, बसा. काय करायलाव आजकाल?"

"तुझ्यासारखे हुशार लोक शोधतेय. स्कॅनरही रिक्षात आहे, आणते."

"त्याला कशाला उतरवता? प्रॉब्लेम इथंच दिसायलाय ना." तो पडद्यात डोकं घालून बसला. बाबांनी केलेले पडद्यावरचे सगळे उपाय त्यानेही त्याच क्रमाने केले. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "मॅडम, लई जुनं हाय हो. पेन्शनीत काढा त्याला."

"पेन्शनीत मीही आहे. मी चालू होते की नाही?"

तो खळखळून हसला. रांगेतली पोरंही हसली. "तुमची गोष्ट येगळी, मॅडम. तुमच्यासारखी कंपनी आता बंद झाली." आणि पुढच्या पोराचा पेन ड्राइव्ह हातात घेतला. माझं काम संपलं होतं. त्या विनोदावर मीही हसले, आणि रिक्षात बसल्यावर मला स्वतःचाच इतका राग आला की रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

चाकूरहून मधून मधून फोन यायचा. ती कधी घाई करायची नाही. "बाई, चालू झाला का?"

"नाही गं. उघडतो आणि मिटतो."

"म्हंजे शाळा बुडवणाऱ्या पोरावानी हाय. हजेरी घ्यायला गेलं की पळतंय." आणि मग, हसू थांबल्यावर, "माय हाय ना पण त्यात? दिसली ना तुम्हाला?"

"बायका दिसल्या. तुझी आई कोणती, ते तू सांगशील."

मग आला परवाचा रविवार. डबा उघडला तर ती पट्टी खालच्या पट्टीला एका कोपऱ्यात चिकटलेली. मी बाबांना सांगितलं, आणि बाबा म्हणाले, "आई, नवा स्कॅनर मागवतो, महिन्याभरात येईल. तो जुना भंगारात देऊन टाक." महिन्याभरात! तेव्हा मी जे बोलले ते तुम्ही ऐकलंतच.

फोन ठेवला आणि ठरवलं, देऊनच टाकायचा. पण मी घरातून मळकी वस्तू बाहेर काढत नाही, भंगारातसुद्धा नाही. ओलं फडकं घेतलं, वरून पुसला, कडा पुसल्या, आणि खालून पुसायला उलटा केला. तळाला एक लहानसं बटण होतं, एका बाजूला बंद कुलपाचं चित्र, दुसऱ्या बाजूला उघड्या कुलपाचं. बटण बंद कुलपावर होतं.

आतला दिवा हलून फुटू नये म्हणून प्रवासात लावायचं ते कुलूप. सॉफ्टवेअर उघडताना आधी दिवा सरकवून पाहत होतं, दिवा जागचा हलत नव्हता, म्हणून ते मिटत होतं. नव्या लॅपटॉपचा, जुन्या विंडोजचा, माझ्या वयाचा काही संबंध नव्हता. बाबांनी पडदा पाहिला, माझ्या विद्यार्थ्याने पडदा पाहिला, इंटरनेटवरच्या दहा जणांनी आकडे पाहिले. वस्तू उचलून उलटी कोणी केली नाही.

आणि ते कुलूप लावलं कोणी? ज्या माणसाने कपाटाला बोल्ट मारले, मांडणीला तार बांधली, त्याने. आजारी असताना, स्कॅनर खोक्यात भरताना, जमीन हलली तर दिवा फुटू नये म्हणून. आणि मला सांगितलं नाही, कारण त्यांच्या मते ही सांगायची गोष्टच नव्हती. दार लावून झोपतो हे कोणी सांगतं का? बाळांनो, गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी त्या खोलीत उभी राहून त्यांच्यावर मोठ्याने रागावले. म्हटलं, अहो, भूकंप यायचा तेव्हा येऊन गेला. आता भिंतीतून पाणी येतंय. त्याला तुमचं कोणतं कुलूप?

बटण सरकवलं. सॉफ्टवेअर पहिल्या झटक्यात उघडलं. तुमच्या बाबांना मी त्या दिवशी मुद्दाम सांगितलं नाही.

चाकूरला फोन केला, ती दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आली. पट्ट्या सोडवायचं काम तिने माझ्या हातून काढून घेतलं. तिच्या बोटांना कंप नाही. तरी त्या कोपऱ्यातलं, ज्यावर चित्र असतं ते वरचं साल दुसऱ्या पट्टीबरोबर गेलं. ते जाताना आम्ही दोघींनी पाहिलं. मी हॉस्टेलच्या मालकाला जे बोलले ते इथे लिहीत नाही, तुमचं मराठी त्यासाठी अजून कच्चं आहे.

मग फोटो पडद्यावर वरून खाली उतरू लागला. शाळेचं छप्पर, खिडकी, वरच्या पायरीवरच्या बायका. खालच्या पायरीपाशी उजवीकडे काळा डाग पसरत आला. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. पहिल्या बाईवर बोट ठेवलं, काढलं. दुसरीवर ठेवलं, काढलं. मग डागाच्या काठावर थांबली. "हिच्या मांडीवर माझा भाऊ हाय. टोपडं मी ओळखते, माझंच होतं ते. ही माय."

मग म्हणाली, "बाई, माय एवढी लहान होती? माझ्या अंगणवाडीतल्या पोरींच्या आया हिच्यापेक्षा मोठ्या हायेत." आणि तिला आधी हसू आलं.

कालच मी तो फोटो छापून घेतला, ती चाकूरला निघताना तिच्या हाती दिला, आणि एक प्रत तुमच्यासाठी या पत्रासोबत ठेवतेय. डब्यातल्या निम्म्याअधिक पट्ट्या गेल्या. या फोटोत तिच्या आईचं कपाळ आहे, कुंकू आहे, दोन्ही डोळे आणि नाक आहे. ओठ आणि हनुवटी नाही. मांडीवरचं मूल पूर्ण आहे.