सिप्रियानच्या ॲम्पमधला खालचा सूर

सिप्रियान बाक्दायान बावीस वर्षं फिलिपाइन्समधल्या बागिओ शहरात, कंट्री संगीताच्या बारमधून गिटार वाजवत आला, पण स्वतःचा ॲम्प त्याच्याकडे कधी नव्हता. ज्या बारमध्ये जाईल तिथल्या खोक्यात वायर खुपसायची आणि निघेल तो आवाज आपला म्हणायचा. पन्नाशी उलटली तेव्हा त्याने एकदाचं मनावर घेतलं. मोटारसायकलचा बेत बाजूला ठेवला आणि पंधरा वॉटचा, चिनी बनावटीचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा लहानसा ॲम्प घरी आणला. व्हॉल्व्हवाल्यांत त्याहून स्वस्त दुकानात काही नव्हतं.

"आवाज खरा आहे, पण जीव नाजूक," दुकानदाराने बजावलं. "गरम असताना हलवू नका. आणि एक जादा व्हॉल्व्ह जवळ असू द्या."

जादा व्हॉल्व्ह सिप्रियानने लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवला. ॲम्प ब्लँकेटात बांधून तो जीपनीत, म्हणजे शहरातल्या वडापच्या लांबट जीपमध्ये, मांडीवर घेऊन बसायचा. बायको म्हणाली, "आपल्या पोरींनासुद्धा एवढं जपून कधी नेलं नाहीस."

पहिल्या तालमीला ड्रमवाला हार्वी मागच्या जाळीतून आत डोकावला. काचेच्या नळ्या नारिंगी झाल्या होत्या. "मनोंग, यावर भात शिजतो का?" त्याने विचारलं. थोरल्याला तिथे मनोंगच म्हणतात. सगळे हसले, सिप्रियानही हसला. मग त्याने आवाज अर्ध्याच्या वर नेला, दोन तारा एकदम छेडल्या आणि त्याचा हात जागीच थांबला.

दोन सुरांच्या खाली तिसरा सूर होता. जाड, थोडा घोगरा. त्याने न वाजवलेला.

"खाली कोण वाजवतंय?" त्याने विचारलं.

बेसवाला अजून आलाच नव्हता.

खालच्या तारांवर वाजवायचा तो क्लिफ्टन. क्लिफ्टन पालासी, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा. पंधरा वर्षं दोघं एकाच स्टुलाला पाय टेकवून वाजवत. वरचं सिप्रियानचं, खालचं क्लिफ्टनचं. सात वर्षांपूर्वी दोघांनी डोंगरातल्या बुगियास गावच्या एका लग्नाचं काम घेतलं होतं. आदल्या संध्याकाळी सिप्रियानला एका मोठ्या हॉटेलातून फोन आला: उद्या दुपारच्या जेवणाला वाजवाल का? थोरलीचं कॉलेज सुरू व्हायचं होतं. त्याने हो म्हटलं आणि सकाळी क्लिफ्टनला कळवलं, "मनोंग, ताप भरलाय. उठवत नाही."

"पडून राहा," क्लिफ्टन म्हणाला. "दोघांचं मी एकटा वाजवतो."

त्या दिवशी डोंगरात धुकं इतकं दाट होतं की ड्रायव्हरला रस्त्याची कड दिसली नाही. जीप दरीत गेली. सिप्रियानला बातमी कळली तेव्हा तो हॉटेलातला भाजलेला मासा खात होता.

क्लिफ्टनचा देह घरात ठेवला होता तेव्हा त्याची बायको लुरिंग सिप्रियानचा हात धरून म्हणाली, "बरं झालं तुला ताप आला. दोघांतला एक तरी राहिला." त्यानंतर दरवर्षी पितरांच्या दिवशी तो कबरीवर मेणबत्ती लावायला जाई आणि दरवर्षी ती तेच म्हणे. तो मान हलवी. जी गोष्ट पहिल्या दिवशी एका वाक्यात सांगता आली असती, ती वर्षागणिक जड होत गेली.

आणि आता हा सूर. सिप्रियानने ॲम्प उचलून मार्केटमधल्या बेनिंगकडे नेला. म्हातारा बेनिंग जुने रेडिओ दुरुस्त करी; सगळे त्याला लाकाय, म्हणजे आजोबा, म्हणत. त्याने ॲम्प वाजवून पाहिला, पेन्सिलीने व्हॉल्व्हवर टकटक केली.

"ठणठणीत आहे. व्हॉल्व्हला ताण दिला की दोन सुरांतून तिसरा निघतो. सगळ्यांत निघतो."

"नेमका त्याचाच कसा निघतो, लाकाय?"

"कुणाचा?"

सिप्रियान ॲम्पची वायर गुंडाळू लागला. बेनिंगने त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "नको असेल तर आवाज कमी ठेव. सूर जाईल."

सिप्रियानने आवाज कमी ठेवून पाहिला. सूर गेला खरा, पण त्याची जागा तशीच राहिली, आणि ती मोकळी जागा त्याला सोसेना. दुसऱ्याच दिवशी त्याने बटण पुन्हा वर नेलं. आता तो वाजवताना मागे वळून बघू लागला. हार्वीची चेष्टाही बंद झाली.

मार्चमध्ये लुरिंगचा निरोप आला. शार्लीनचं, क्लिफ्टनच्या मुलीचं लग्न होतं. "बापाच्या जागी वाजवायला तूच ये."

लग्न शाळेच्या मैदानात होतं. कोबीच्या वाफ्यांवरून वारा येत होता, मोठमोठ्या कढयांत डुक्कर उकळत होतं, म्हातारे काशाच्या थाळ्या वाजवून नाचून दमले होते. मग सिप्रियानची पाळी आली. ॲम्प तापला. त्याने सुरुवात केली आणि तिसऱ्याच ओळीला लुरिंग पाहुण्यांना भात वाढता वाढता थांबली. पळी हातात तशीच घेऊन ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

गाणं संपल्यावर ती म्हणाली, "खाली हे वाजवतायत."

"मनांग," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं सिप्रियान म्हणाला, "मला ताप नव्हता."

"ठाऊक आहे."

ती बाकावर त्याच्याशेजारी बसली. "हॉटेलवाल्याने आधी ह्यांनाच विचारलं होतं. हे म्हणाले, मी लग्नाचा शब्द दिलाय, सिप्रियानला विचारा, त्याच्या मुलीचं कॉलेज आहे. रात्री मला म्हणाले, सकाळी तो येऊन सांगेल, मग मी त्याला दोन शिव्या देऊन सोडेन." ती पळीवरचं शीत बोटाने काढत होती. "सकाळी तुझा फोन आला. फोन ठेवून हे हसले. पण जीपमध्ये बसेपर्यंत पुन्हा काही बोलले नाहीत."

"आणि तू दरवर्षी मला..."

"तू कधी सांगतोस ते बघत होते, आदिंग."

तिने धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हटलं. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. सिप्रियानला वाटलं होतं, सांगितलं की ओझं उतरेल. ते उतरलं नाही. उलट फोन ठेवून हसणारा आणि मग गप्प झालेला क्लिफ्टन आता त्याला स्वच्छ दिसू लागला. आजवर निदान तो चेहरा तरी त्याच्या वाट्याला आला नव्हता.

"वाजव आता," लुरिंग उठत म्हणाली. "पोरीला नाचायचंय."

तो वाजवत राहिला. शार्लीन नवऱ्याबरोबर नाचली, मग सासऱ्याबरोबर, मग एकटीच. खालचा सूर एकदाही चुकला नाही.

उन्हं कलली तशी म्हाताऱ्यांनी मांसाचे वाटे केले. आलेल्या प्रत्येकाला एक वाटा, लहानमोठा कुणी नाही. लुरिंगने सिप्रियानचा वाटा बांबूच्या काडीत ओवून आणला आणि त्याच्या हातात दिला. इतरांना दिला होता तेवढाच, ना जास्त ना कमी. मग ती पुढच्या पाहुण्याकडे गेली.