पहिल्या व्हॉल्व्हमधला श्वास

त्याला सगळे टकटक म्हणायचे. गिटारचे जुने, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि चालू अ‍ॅम्पमधला एकेक व्हॉल्व्ह पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हळूच ठोकून बघणं ही त्याची पद्धत. चांगला व्हॉल्व्ह गप्प बसतो. आतले पत्रे सैल झाले असतील, तर तीच टकटक स्पीकरमधून घंटेसारखी वाजते. असा व्हॉल्व्ह आजूबाजूची थरथरही पकडतो, टेबलावर टेकवलेला कपसुद्धा त्याला कळतो. ‘याला कान फुटले, टाका याला,’ असं म्हणून टकटक तो व्हॉल्व्ह सरळ केराच्या डब्यात टाकायचा. सवय अंगात इतकी मुरलेली की कलिंगड, दार, शेजाऱ्याचं नवं कपाट, काहीच ठोकल्याशिवाय सोडायचा नाही. लग्नाआधी मला ठोकून बघितलं नाही हेच नशीब, असं त्याची बायको म्हणायची.

घराची पुढची खोली हाच कारखाना. मध्ये प्लायवुडची भिंत. अलीकडे त्याचं टेबल, जागा वाचावी म्हणून त्या भिंतीलाच खिळे मारून पक्कं केलेलं. पलीकडे बायकोचं काम, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरची तार गुंडाळायची आणि गुंडाळून झालं की गरम व्हार्निशमध्ये बुडवून सुकवायचं. ते काम आधी त्याचे वडील करत. व्हार्निशच्या वाफेने छाती खाल्ली असं डॉक्टर म्हणाले. वडील म्हणत, वयाने. शेवटच्या वर्षी ते खुर्चीतच असत आणि घरभर त्यांचा श्वास ऐकू येई. आत ओढताना मध्येच एक अडखळ, सोडताना बारीक शिटी. सुनेनेच त्यांचं सगळं केलं. ते गेल्यावर त्यांची जागाही तिनेच घेतली. मी खिडकी उघडी ठेवत जाईन म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला. टकटकनेही तो पुन्हा काढला नाही, कारण काम अडलं नव्हतं. माणसाचं असंच असतं.

वडिलांशी त्याचं बोलणं फारसं कधी झालंच नाही. दोघं आयुष्यभर एकमेकांशी पक्कड दे, दिवा धर एवढंच बोलले. ते गेल्यावर मात्र त्याच्या पोटात बोलणं साचायला लागलं, आणि ते कुणाला सांगावं हे त्याला कळेना.

अशात गिटार शिकवणारी एक बाई आपला अ‍ॅम्प घेऊन आली. तिची बोटं आखडत चालली होती. जोर लावता येत नव्हता. नुसतं बोट टेकवलं तरी तार बोलली पाहिजे, असं काहीतरी करून द्या म्हणाली. टकटकला असलं काम म्हणजे पर्वणीच. त्याने भोक पाडून एक व्हॉल्व्ह जादा बसवला, व्हॉल्व्हच्या जागा उलटसुलट केल्या, हा काढ तो घाल सुरू झालं. शेवटी वडिलांनी कापसात गुंडाळून ठेवलेला एक जुना व्हॉल्व्ह पहिल्या जागी लावला, जिथून सगळा आवाज सुरू होतो, आणि अ‍ॅम्प असा काही जिवंत झाला की बोलायची सोय नाही.

दुपारी जेवण झाल्यावर त्याने टेबलावरच्या अ‍ॅम्पला गिटार न जोडता आवाज पूर्ण चढवला. नुसती खरखर कशी आहे ते ऐकायचं होतं. खरखरीच्या मागून श्वास आला.

आत ओढलेला. मध्ये अडखळलेला. मग शिटी.

 त्याने व्हॉल्व्ह काढला, दुसरा लावला. श्वास गेला. वडिलांचा पुन्हा लावला. श्वास आला. पेन्सिलीने ठोकला तर व्हॉल्व्ह घंटेसारखा वाजला. खरं तर इथेच त्याला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचा असता तर कान फुटले म्हणून त्याने तो त्याच क्षणी फेकला असता. पण हा वडिलांच्या हातचा होता. जन्मभराची विद्या गुंडाळून ठेवून टकटकने ठरवलं की बाबा काचेत बसले आहेत.

त्याने बायकोला हाक मारली. ती अलीकडे आली, शेजारी उभी राहिली, आणि श्वास बंद. खरखर तेवढी उरली. सुनेसमोर सासरे आधीही गप्पच बसायचे, असं तो हसून म्हणाला. ती हसली नाही. कसा आवाज होता ते करून दाखवा म्हणाली. त्याने करून दाखवला, अडखळ, शिटी, सगळं. ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हो. बाबांचाच.” आणि कामाला निघून गेली.

तेव्हापासून दुपार झाली की टकटक अ‍ॅम्पसमोर. आधी नुसता ऐकायचा, मग बोलायला लागला. व्हॉल्व्ह हल्ली किती महाग झालेत, तुमची खुर्ची अजून काढवत नाही, तुम्ही एकदा तरी ‘बरं काम केलंस’ म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं, असं काय काय. समोरून शब्द यायचा नाही, पण श्वास त्याचं ऐकत असायचा. एकदा त्याने जुना विनोद सांगितला, तर श्वास तुटक तुटक झाला, हसल्यासारखा. खुर्चीचं बोलला तेव्हा श्वास थांबला, आणि इतका वेळ थांबला की टकटक घाबरून स्पीकरच्या जाळीला कान लावून बसला. मग शिटी आली. त्याचा जीव भांड्यात पडला.

गिटारवाली विचारायला येई, तो आज-उद्या करी. शेवटी ती अडूनच बसली. वाजवून बघितलं, आखडल्या बोटाखाली तार बोलली, बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने हात तारांवरून उचलला आणि तिचा चेहरा उतरला.

“यात कोण आहे?” तिने विचारलं.

जुना व्हॉल्व्ह आहे, बदलून देतो, असं तो पुटपुटला. उद्या न्यायला येते म्हणून ती गेली, आणि जाताना अ‍ॅम्पकडे पाठ करायचं तिने टाळलं. व्हॉल्व्ह ठेवून घेता आला असता, पण त्याच्या जवळच्या दुसऱ्या कुठल्याच अ‍ॅम्पमध्ये एवढी ताकद नव्हती. अ‍ॅम्प गेला की बाबा गेले. तो खुर्ची ओढून बसला.

“बाबा, उद्यापासून नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला दुसऱ्यांदा पोचवायचंय मला. पहिल्या वेळी रडलो नव्हतो.” आणि तो हुंदके देऊन रडला.

स्पीकरमधला श्वास भराभर व्हायला लागला. अडखळ, अडखळ, शिटीच नाही. मग फळी कोसळावी तशी खोकल्याची एक उबळ स्पीकरमधून आली, आणि अगदी त्याच वेळी भिंतीपलीकडून एक लहानसा खोकला आला, टॉवेलमध्ये दाबलेला.

टकटकने डोळे पुसले. हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. त्याने प्लायवुडची भिंत ठोकली. स्पीकरमधून घंटा वाजली.

तो पलीकडे गेला. बायको स्टुलावर बसली होती, पाठ भिंतीला घट्ट टेकवलेली, टॉवेल तोंडाशी, ओठ निळसर. व्हार्निशचं भांडं थंड पडलेलं. कधीपासून, एवढंच त्याने विचारलं.

“पाठ टेकली की बरं वाटायचं, म्हणून बसायचे,” ती म्हणाली. प्रत्येक दोन शब्दांमागे तिला थांबावं लागत होतं. “तुम्ही आवाज करून दाखवलात, तेव्हा कळलं. वर्षभर ऐकलाय मी तो. मग मुद्दाम बसायला लागले.”

“अगं, मग मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर बाबा गेले असते. इतकं मोकळं बोलताना तुम्हाला मी कधी बघितलं नव्हतं.”

त्याला तिचा भयंकर राग आला, आणि तिच्यावर ओरडायला जो श्वास लागतो तोही त्याच्याकडे नव्हता. त्याने तिला उचलल्यासारखंच रिक्षात घातलं.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने नळी पाठीवर ठेवली, जागा बदलली, पुन्हा ऐकलं. मग नळी कानातून काढून टकटककडे वळली. हे काल-परवाचं नाही म्हणाली. एवढा आवाज येतोय, घरात कुणाच्या कानावर आला नाही का?

“आला,” टकटक म्हणाला. “मी रोज दुपारी आवाज मोठा करून ऐकत बसायचो.”