आमच्या देवळाचा फोटो

लिहिणारा मी कोण, असं वाटतं. घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या कॉलेजात देवळं, लेणी, चित्रं यांच्या फोटोंचा संग्रह संगणकावर वाढवत आहेत. एकदा मॅडम एक खांब पडद्यावर मोठा मोठा करत गेल्या, आणि दगडावर छिन्नीचा बारीक ओरखडा दिसला. तेव्हापासून मला चैन नाही. तसेच ओरखडे आमच्या महादेवाच्या देवळावर आहेत. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवायचो. जे या संग्रहात नाही, ते नव्हतंच, असं उद्या कुणी म्हणेल का?

मी भीत भीत विचारलं. मॅडम म्हणाल्या, "अरे, मग आण की फोटो! फक्त गावाला विचार."

मी गावी वडिलांना, आप्पांना, फोन करून गावाला विचारायला सांगितलं. मग कितीतरी दिवस वर्गात लक्ष लागेना.

आज आप्पांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"गाव हो म्हणालं रे! तुझ्या कॉलेजात फोटो लागणार म्हणून पोरांनी देऊळ घासून काढलं, अन् कळसापासून पायरीपर्यंत दोन हात ऑइलपेंट मारलाय. ये आता कॅमेरा घेऊन."